शिसारी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला सहसा कशाची किळस येत नाही. तिलाही येत नसे. दंतवैद्यांकडून येणारे लोकांच्या तोंडाचे ठसे, त्यांत कधी अडकून राहिलेला अन्नाचा कण, दुरुस्तीला आलेली जुनी पिवळी कवळी, तिच्या खाचांत वर्षानुवर्षं साठलेलं काळं किटण, हे सगळं ती रोज उघड्या हातानं उचलायची, घासायची आणि कामाला लागायची. घरी जेवताना कुणी तिच्या कामाचा विषय काढला की जाऊबाई घास खाली ठेवत. तिला त्याचं हसू येई. घाण धुतली की जाते, एवढं साधं तिचं मत होतं. ते बदललं एका पिस्तुलापायी.

नेमबाजीच्या क्लबात ती गेली ती केवळ एका दंतवैद्यानं आग्रह केला म्हणून. जन्मभर दातांच्या बारीक कडा कोरून तिची नजर आणि हात दोन्ही तयार झाले होते, फक्त त्यांचा असाही उपयोग होतो हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी कागदावर तिची भोकं एवढी जवळजवळ पडली की शेजारी उभा असलेला एक म्हातारा चष्मा वर करून बघत राहिला. तुमचा हात कुठं शिकला, असं त्यानं विचारलं. दातांवर, असं तिनं सांगितलं. तो मनापासून हसला आणि तिथून पुढं तिला शिकवू लागला.

त्याला क्लबात सगळे ‘सर’ म्हणत. मुलींच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ कापलेली नखं, आवाज असा मऊ की ऐकायला जवळ सरकावं लागे. नेमबाजीतल्या जुन्या बक्षिसांची कपाटभर रांग क्लबात लावलेली होती, तिच्यातली निम्मी सरांची. श्वास अर्धा सोडायचा, नजर लक्ष्यावर नव्हे तर नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या बारीक खुंटीवर ठेवायची, चाप ओढायचा नाही, दाबत जायचं, आणि बार झाला की आपल्यालाच दचकायला हवं, हे सगळं सरांनी तिला शिकवलं. ती पन्नाशीची होती. या वयात कुणी आपल्याला इतक्या निगुतीनं काही शिकवेल, असं तिला वाटलं नव्हतं. कामाच्या ठिकाणी ती सरांचं नाव सारखं काढायची. क्लबातही तिला आता सगळे कवळीताई म्हणू लागले होते.

अडचण एकच होती, ती क्लबाच्या पिस्तुलाची. ते सगळ्यांचं होतं, म्हणून कुणाचंच नव्हतं. मूठ घामानं चिकट झालेली, मागचा नेम ढिला, काडतूस मध्येच अडकायचं. कवळी निदान एकाच माणसाची असते, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा शाळेची बस चालवायचा, शांत माणूस होता. मग स्वतःचं घे, असं त्यानं सांगितलं, आणि तिनं परवाना काढला.

घ्यायचं म्हणजे पॉइंट बावीसच घ्यायचं, हे तिचं आधीच ठरलेलं होतं. या पिस्तुलाच्या काडतुसात दारू पेटवणारा ठोका बुडाच्या मधोमध न बसता कडेवर बसतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. काडतूस चिमुकलं, स्वस्त, धक्का नावाला. मोठ्या पिस्तुलाच्या काडतुसांच्या एका डबीच्या किमतीत याच्या कितीतरी डब्या येतात आणि एका माणसाला मनसोक्त सराव करता येतो. तिला चोर मारायचा नव्हता की लढाईवर जायचं नव्हतं. तिला कागदाला भोक पाडायचं होतं, आणि पुढचं भोक त्याच भोकात पाडायचं होतं.

हे दिराला कळलं आणि तो सल्ला द्यायला घरी हजर झाला. दीर टायरच्या दुकानात विक्रीचं काम करायचा आणि त्याच्याकडे एक मोठं पिस्तूल होतं. जेवायच्या वेळेला तो आला, कोंबडी ताटात वाढून झाली होती, तेवढ्यात त्यानं कमरेचं पिस्तूल काढून ताटाशेजारी ठेवलं आणि त्याचे भाग सुटे करायला लागला. वहिनी, पॉइंट बावीस म्हणजे डासाची बंदूक, असं त्याचं म्हणणं. माणूस एका गोळीत आडवा झाला पाहिजे. कुठं मारल्यावर तो कसा पडतो आणि पडताना कसा आवाज करतो, याचं वर्णन त्यानं घास चावत चावत केलं. सकाळी तो सराव करून आला होता. शिशाची काळी राख त्याच्या बोटांवर तशीच होती. त्याच बोटांनी तो हाड चोखत होता, मग तेलाचं फडकं उचलत होता, मग पुन्हा हाड. ती राख पोटात जाऊ नये म्हणून क्लबाच्या दारातच हात धुवायचा मोठा फलक लावलेला होता.

“भाऊजी, आधी हात धुवा,” ती म्हणाली.

दीर हसला. लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या बाईनं आपल्याला स्वच्छता शिकवावी, याची त्याला गंमत वाटली. त्यानं बोटं चाटून पुसली. तिचा घास तोंडातच फिरत राहिला.

शेवटी दुकानात ती दिराबरोबरच गेली, कारण दुकान त्याच्या ओळखीचं होतं. दुकानदारानं तिला नमस्कार केला आणि त्यानंतर सगळं बोलणं दिराशी केलं. बाईसाहेबांना काय आवडेल, असं त्यानं तिच्यासमोरच दिराला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक गुलाबी पिस्तूल काढून ठेवलं. ते इतकं हलकं होतं की माशी टोकावर भिरभिरायची. दुसरं एका लष्करी पिस्तुलाची हुबेहूब नक्कल होतं, बाहेरून रुबाब आणि आत ओतीव, ठिसूळ धातू, नेम जागच्या जागी पक्का बसवलेला, हलवायची सोय नाही. तिसरं मात्र चांगलं होतं, लांब पोलादी नळीचं, स्क्रूनं नेम सरकवता येणारं, पण त्याची किंमत ऐकून तिनं ते हळूच काचेवर ठेवलं. चौथं कुरूप होतं. जाड बोजड नळी, काळी रबरी मूठ, एखाद्या नळाच्या तुकड्याला दांडा लावावा तसं दिसायचं. ते परवडण्यातलं होतं. पण रबराची मूठ तिच्या तळव्यात नीट बसत नव्हती, म्हणून तिनं तेही ठेवून दिलं.

तेवढ्या वेळात दीर लक्ष्याचे कागद बघत होता. तिथं साधी गोल वर्तुळं होतीच, पण माणसांची चित्रंही होती. एका कागदावर दात विचकणारा गुंड होता, एकावर एक बाई होती, तिच्यामागं हात वर केलेला माणूस, आणि पाहणाऱ्यानं बाईला चुकवून त्याला मारायचं. दिरानं गुंडाचे कागद घेतले. पुढच्या रविवारी क्लबात त्यानं त्या गुंडाच्या तोंडावर आपल्या दुकानाच्या मालकाचं तोंड चिकटवलं, कुठल्याशा समारंभाच्या फोटोतून कापून आणलेलं, हसरं. भोवती चारपाच जण जमले. प्रत्येक भोकाला हशा पिकत होता. डोळा गेला, आता दुसरा घे, असं कुणीतरी म्हणत होतं. ती शेजारच्या जागेवर उभी होती. तिनं क्लबाचं पिस्तूल रिकामं करून ठेवलं. ती तशीच बाहेर जाऊन बाकावर बसली.

सर तिच्यामागोमाग आले. अशा लोकांमुळं खेळ बदनाम होतो, असं ते आपल्या मऊ आवाजात म्हणाले. तिला बरं वाटलं. मग पिस्तुलाचं कुठवर आलं, असं त्यांनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं. सर म्हणाले की माझं जुनं पॉइंट बावीस मी काढून टाकणार आहे, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, चांगल्या हातात जावं एवढीच इच्छा आहे. किंमत तुम्हाला जमेल अशीच सांगेन. घरी या, बघा.

तिला गहिवरून आलं. सरांचं पिस्तूल क्लबात कुणी हातातही घेतलं नव्हतं.

सरांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढं गुलाबांचे वाफे, प्रत्येक झाडाला नावाची छोटी पाटी. सरांच्या पत्नीनं पातळ कपांतून चहा दिला आणि त्या आत गेल्या. पिस्तूल लाकडी पेटीत हिरव्या कापडावर ठेवलेलं होतं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ सरांनी स्वतः घासून घासून घडवली होती. तिनं ते उचललं. नीट बसलेली कवळी जशी तोंडात आहे हेच माणूस विसरतो, तसं ते हातात बसलं. माशी एका जागी थांबली ती थांबलीच. चाप काचेची काडी मोडावी तसा सुटला. तिच्या मनात व्यवहार तिथंच पक्का झाला.

चालवून बघितल्याशिवाय वस्तू घेऊ नये, असं म्हणून सर तिला मागच्या अंगणात घेऊन गेले. उंच भिंत, भिंतीला टेकून रचलेली वाळूची पोती, कोपऱ्यात एक फावडं. इथं घरातच सराव करता येतो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि हे चालतं का असं तिच्या मनात आलं, पण सरांसमोर ती ते बोलली नाही. सरांनी काडतुसांचं मॅगझीन भरून दिलं. तिनं ते बसवलं, वरची स्लाईड ओढून काडतूस नळीत चढवलं, नळी भिंतीकडे धरली आणि कागद कुठं लावलाय ते शोधू लागली. कागद नव्हता. पोत्यांच्या पुढं गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. सरांनी गोणपाट बाजूला केलं.

खाली तारेचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात करड्या रंगाचं मांजर होतं. त्याच्या गळ्यात लाल दोऱ्याचा पट्टा होता. ते तोंड उघडत होतं पण आवाज निघत नव्हता, बराच वेळ ओरडून बसलं असावं. पिंजऱ्याच्या तळाला माशाचं डोकं पडलं होतं. तारा गंजलेल्या वाटत होत्या. मग तिच्या लक्षात आलं की तो गंज नव्हता.

“कागद हलत नाही,” सर म्हणाले. अगदी रविवारी शिकवायचे त्याच आवाजात. “कागदाला श्वास नसतो. आपल्याला श्वास शिकायचाय ना? त्याचा आणि आपला एक झाला की मग दाबायचं. घ्या. पहिली गोळी तुमची.”

ही मांजरं वाफ्यांत घाण करतात, असंही त्यांनी सांगितलं, जसं कुणी किडीबद्दल सांगावं. पुरलं की झाडांना खतही होतं.

चहा तिच्या घशाशी आला, आंबट. पण हातांना त्यांचं काम पाठ होतं. तिनं मॅगझीन काढलं, स्लाईड मागं ओढून आतलं काडतूस गवतावर पाडलं, पिस्तूल उघडं करून पोत्यावर ठेवलं, नळी भिंतीकडे. मग ती वाकली आणि तिनं पिंजऱ्याचं दार वर ओढलं. मांजर बाणासारखं सुटलं, जाताना तिच्या मनगटावर लांब ओरखडा काढला आणि पोत्यांवरून भिंतीपलीकडे गेलं.

सर रागावले नाहीत. तेच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं. त्यांनी गवतातलं काडतूस उचललं, रुमालानं पुसलं आणि खिशात टाकलं. “वाया घालवलीत,” ते म्हणाले. “सुरुवातीला जड जातं.”

मनगटातून रक्त ठिबकत होतं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. सरांच्या पत्नी मोरीपाशी उभ्या होत्या. नळ पूर्ण सोडलेला होता आणि त्याखाली काहीही नव्हतं, ना कप ना भांडं. तिला बघून त्यांनी नळ बंद केला.

“मी नळ सोडून ठेवते,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ऐकू येत नाही.”

त्यांनी साबण दिला, मांजराचा ओरखडा चिघळतो म्हणून नीट धुवायला सांगितलं, स्वच्छ पंचा दिला आणि मनगटाला पट्टी बांधली. हे कधीपासून चाललंय, असं तिनं विचारलं. पत्नीनं खिडकीतून बाहेर पाहिलं.

“गुलाब लावल्यापासून,” त्या म्हणाल्या, आणि नळ थेंब थेंब गळत होता तो घट्ट पिळू लागल्या.

घरी येऊन तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, मनगटावरची पट्टी भिजून निघून गेली. नवऱ्यानं दुसरी बांधली आणि सगळं ऐकून घेतलं. असल्या माणसाच्या तोंडाकडं पुन्हा बघू नकोस, एवढं तो म्हणाला. दीर मात्र फोनवर खोखो हसला. मांजरंच ना वहिनी, माणसं तर नव्हेत. क्लबाच्या चिटणीसाला तिनं समोर बसून सांगितलं. तो टेबलावरच्या कपाची जागा बदलत राहिला. सरांची ही सवय त्याला माहीत होती, निदान कानावर होती, हे तिला त्याच्या न बोलण्यातून कळलं. ज्यानं त्यानं आपल्या घरात काय करावं हा क्लबाचा प्रश्न नाही, असं तो अखेर म्हणाला, आणि जाता जाता त्यानं विचारलं की पिस्तूल मग घेतलंत का, फार चांगलं आहे ते.

तिला या सगळ्यांची किळस आली, पण त्याहून जास्त स्वतःच्या हाताची. कामाच्या टेबलावर मेण कोरायची सुरी उचलली की तळवा आपोआप त्या अक्रोडाच्या मुठीसाठी उघडायचा. हाताला ते पिस्तूल अजून हवं होतं. त्या दिवसांत तिनं दोन कवळ्या बिघडवल्या.

शेवटी ती त्या गल्लीत परत गेली, सरांच्या घरी नाही, समोरच्या घरांत. करडं मांजर कुणाचं, गळ्यात लाल दोरा असलेलं, असं विचारत. तिसऱ्याच दारात एक शिंपीणबाई भेटली. मशीनवर वाकलेली, तोंडात टाचण्या धरलेल्या. लाल दोरा तिचाच होता, कामातून उरलेला. कवळीताईनं सगळं सांगितलं, पिंजरा, माशाचं डोकं, फावडं, खत. शिंपीण ऐकता ऐकता तोंडातली एकेक टाचणी काढून सुयांच्या छोट्या गादीत खोचत होती. याआधीही तिची मांजरं गेली होती. गेल्या खेपेला तर सरांनीच तिच्याबरोबर गल्लीभर फिरून मांजराला हाका मारल्या होत्या, नाव घेऊन, मऊ आवाजात. नंतर आपल्या घरी नेऊन चहा पाजला होता आणि जाताना एक गुलाब दिला होता.

“तो गुलाब मी पाण्यात ठेवला होता,” शिंपीण म्हणाली. “आठवडाभर टिकला.”

मग तिनं मशीनवर आच्छादन घातलं आणि त्या दोघी पोलीस ठाण्यात गेल्या.

तिथल्या अंमलदाराला आधी मांजरांत रस नव्हता. कवळीताई तिथं काय करत होती, भरलेलं पिस्तूल तिच्या हातात कसं आलं, तिचा परवाना कुठं आहे, हेच तो विचारत राहिला. तिनं परवाना दाखवला. मग शिंपीण म्हणाली की भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत माझी नातवंडं खेळतात आणि हा माणूस भिंतीकडे गोळ्या झाडतो. तेव्हा अंमलदारानं मान वर केली. दुसऱ्या दिवशी सरांच्या अंगणात माणसं गेली आणि वाफे उकरले गेले. किती निघालं ते शिंपिणीनं खिडकीतून पाहिलं. कवळीताईला तिनं ते सांगायला घेतलं, पण तिचा चेहरा बघून थांबली. सरांचा परवाना गेला. पिस्तुलं विकून टाकण्यासाठी दुकानदाराच्या ताब्यात गेली. सरांनी उकरलेले वाफे पुन्हा सारखे केले आणि गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला पूर्वीसारखाच नमस्कार करायला लागले. काही लोक तो घेतही होते.

क्लबात मात्र गुन्हेगार ठरली ती. ती आत आली की बोलणं थांबायचं. सरांचं वय, सरांची बक्षिसं, सरांनी क्लबासाठी काय काय केलं, हे तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोललं जायचं. ज्यानं शिकवलं त्याच्याच मुळावर उठली, असं चिटणीस म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं. आणि ती नेम धरून उभी राहिली, श्वास अर्धा सोडला, की मागून कुणीतरी म्याव करायचं. मोठी माणसं होती, नोकऱ्या करणारी, लेकीबाळींची लग्नं केलेली. मग फिदीफिदी हसू. तिची गोळी कागदाच्या कडेला जायची. तिला राग यायचा नाही, शिसारी यायची, ओल्या फडक्याचा वास नाकात बसावा तशी. नवऱ्यानं एकदा हळूच सुचवलं की सोडून दे. सोडलं तर खेळ त्यांचा होईल, असं ती म्हणाली.

अशात दीर एक दिवस आनंदाची बातमी घेऊन आला. सरांचं ते पिस्तूल दुकानात पडून आहे, त्या प्रकरणामुळं कुणी घेत नाही, दुकानदार मातीमोल भावानं द्यायला तयार आहे. आपण शब्द टाकलाय. ती काही न बोलता त्याच्याबरोबर निघाली. दिराला वाटलं, वहिनीचं डोकं ठिकाणावर आलं.

दुकानदारानं लाकडी पेटी काचेवर ठेवून उघडली. हिरवं कापड, तीच मूठ. तिचा हात काचेच्या कडेवर होता, तो तिनं तिथंच ठेवला. ते जाड नळीचं, रबरी मुठीचं आहे का अजून, असं तिनं विचारलं. दुकानदारानं दिराकडं पाहिलं. ते कुरूप आहे, आणि मूठही तुम्हाला बसली नव्हती, असं त्यानं पहिल्यांदाच थेट तिला सांगितलं. हात सवय करून घेईल, ती म्हणाली. तिनं ते उघडून दाखवायला लावलं, साफ करायला सोपं आहे का ते पाहिलं, नेमाचा स्क्रू नखानं फिरवून बघितला, अगदी स्वस्तातली काडतुसं यात अडकतात का, जादा मॅगझीन मिळतात का, हे विचारून घेतलं. दीर घाईला आला.

“वहिनी, वेड्यासारखं काय करता? पिस्तुलाचा काय दोष? वस्तू ती वस्तू.”

“भाऊजी,” ती म्हणाली, “एकाच्या तोंडातली कवळी मी दुसऱ्याला बसवत नाही. कितीही नीट बसत असली तरी.”

दुकानदाराला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं. त्यानं लाकडी पेटी बंद करून खाली ठेवली. दीर बाहेर जाऊन गाडीत बसला. परतताना वाटेत तो एक शब्द बोलला नाही, आणि तो प्रवास तिला फार आवडला.

शिंपिणीला तिनं नव्या पिस्तुलाचं सांगितलं तेव्हा शिंपिणीनं विचारलं की मला दाखवाल का, एवढं काय असतं त्यात. म्हणून एका सकाळी त्या दोघी क्लबात गेल्या. वाटेत शिंपीण सांगत होती की करडं मांजर घरी परतलं नाही. समोरच्या गोदामाच्या छपरावर दिसतं, तिथंच राहतं. ती शिडी लावून बशी ठेवते, ते बघत राहतं आणि ती खाली उतरल्यावर खातं. हाकेला येत नाही. हाकेवरचा त्याचा विश्वासच उडालाय, ती म्हणाली.

कानांवर आवाज अडवणारी झाकणं लावून, कवळीताईनं मागून हात धरून, शिंपिणीनं एक गोळी झाडली. कागदाला लागली की नाही ते बघण्याचीही तिनं तसदी घेतली नाही. पिस्तूल जपून टेबलावर ठेवलं, हाताचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

“बास,” ती म्हणाली. “मला नाही आवडलं. तुमचं चालू द्या, मी बसते.”

ती मागच्या बाकावर बसली आणि पिशवीतून कुणाच्या तरी झग्याचा घेर काढून टाचण्या लावू लागली. कवळीताईनं नेम धरला. रबराची मूठ अजून परकीच होती, करंगळीला जागा पुरत नव्हती. मागं म्याव झालं.

शिंपिणीनं मान वर केली. ती उठली, झगा हातात तसाच, आणि ज्या माणसाकडून आवाज आला होता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो चांगला उंचापुरा होता.

“पुन्हा करा,” ती शांतपणे म्हणाली. “माझं मांजर हरवलंय. मला नीट ऐकायचंय.”

माणसानं आधी हसायचा प्रयत्न केला. मग इकडंतिकडं पाहिलं. त्याच्याबरोबरचे दोघं एकाएकी आपापल्या डब्या उघडण्यात गुंतले. शिंपीण हलली नाही. त्याचं तोंड लाल झालं, कानापर्यंत, आणि त्यानं सामान आवरायला घेतलं.

शिंपीण परत येऊन बसली, हरवलेली टाचणी झग्यात शोधू लागली. कवळीताईनं मॅगझीन संपवलं आणि कागद जवळ ओढून घेतला. भोकं डावीकडं सरकली होती, पण विखुरली नव्हती. तिनं खिशातून बारीक पेचकस काढून नेमाचा स्क्रू किंचित फिरवला, नवा कागद लावला आणि पुन्हा उभी राहिली.